आजीचं गोंदण टिकलं, नातवाचा टॅटू का फिसकटला? टॅटूची क्वालिटी, शौकिनांची दुनिया आणि भरतीचा नियम, समजून घ्या सोप्या भाषेत

आष्ट्यात इंजिनिअरिंगला असताना आम्ही चौघं मित्र ज्या घरात भाड्यानं राहायचो, त्या एका घरात दोन पिढ्यांची शाई होती.

घरमालकांच्या आईच्या हातावर तुळशी वृंदावन, कपाळावर बारीक चिरी आणि हनुवटीवर एक ठिपका. लग्नाआधी कुठल्याशा जत्रेत गोंदवलेला. नातवाच्या उजव्या दंडावर राजमुद्रा. तीही जत्रेतल्याच स्टॉलवर काढलेली, पण मशीननं.

आजींचं गोंदण साठ वर्षांनंतरही ओळखू यायचं. रंग काळ्याचा हिरवट-निळा झाला होता, कडा थोड्या पसरल्या होत्या, पण तुळस ती तुळसच दिसायची. नातवाची राजमुद्रा मात्र तीन वर्षांत अशी झाली की जवळ जाऊन पाहिलं तरी अक्षर लागत नव्हतं. आणि खरी अडचण ती नव्हतीच. पोरगा रोज पहाटे उठून धावायला जायचा. त्याला सैन्यात भरती व्हायचं होतं.

आष्टा, इस्लामपूर (ईश्वरपूर), वाळवा, पलीकडे कराड, पाटण या पट्ट्यात टॅटू आता नवी गोष्ट राहिलेली नाही. कॉलेजच्या पोरांपासून नव्या नवरीपर्यंत अनेकांच्या हातावर काही ना काही दिसतं. पण चांगला टॅटू म्हणजे काय, तो का टिकतो, का बिघडतो आणि तो कुठं काढला तर नोकरी जाऊ शकते, हे काढण्याआधी फार थोडे लोक विचारतात. म्हणून हा लेख.

थोडक्यात काय?

• टॅटू टिकणं शाईच्या किमतीपेक्षा सुईच्या खोलीवर आणि डिझाईनमधल्या मोकळ्या जागेवर जास्त अवलंबून असतं.

• लष्कर आणि केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत टॅटूचा विषय, जागा आणि काही ठिकाणी आकारही तपासला जातो.

• टॅटूनंतर रक्तदान लगेच करता येत नाही. लेझरनं टॅटू काढता येतो, पण ते वेळखाऊ, खर्चिक असतं आणि दरवेळी पूर्ण जाईलच असं नाही.

गोंदण आणि टॅटू वेगळे आहेत का?

मुळात काम एकच. सुईनं त्वचेत रंग सोडायचा. फरक हत्याराचा, कारणाचा आणि काढून घेणाऱ्याचा.

जुन्या पद्धतीत तीन-चार सुया एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी पाण्यात, दुधात किंवा पाल्याच्या रसात कालवायची आणि टोचत जायचं. वर हळद लावायची. जोतिबाची चैत्र यात्रा, चिंचलीची मायाक्का, पालचा खंडोबा, म्हसवडचा सिद्धनाथ अशा जत्रा-यात्रांत गोंदणाऱ्या बाया बसायच्या. लहान मुलीला दुखू नये म्हणून गाणी म्हणत तिचं मन दुसरीकडे वळवायच्या.

गोंदण बहुतेक बायकांचं. तुळस, विंचू, मोर, सूर्य, देवाचं नाव, कपाळावरची चिरी. मेल्यावर अंगावरचा दागिना काढून घेतात, पण गोंदण सोबत येतं, हा त्यामागचा समज. दुखऱ्या सांध्यावर गोंदवलं की दुखणं थांबतं, असंही मानलं जायचं. ज्या पिढीत नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची चोरी होती, त्याच पिढीतल्या कितीतरी बायकांच्या हातावर मात्र नवऱ्याचं नाव कायमचं कोरलेलं असायचं.

आता हात बदलले. आजच्या टॅटूत तरुण मुलगे मोठ्या संख्येनं दिसतात. छत्रपती शिवाजी महाराजांची मुद्रा किंवा चेहरा, महादेव, त्रिशूळ, आई-बाबा, मुलीचं नाव, जन्मतारीख ही इकडची नेहमीची मागणी. आजी जे श्रद्धेनं आणि रीत म्हणून करायची, ते नातू आपली ओळख म्हणून करतो. पण श्रद्धा त्यातून गेलेली नाही. फक्त तुळशीच्या जागी मुद्रा आली.

‘टॅटू’ हा शब्द मात्र फार लांबून आला. पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर या कलेला ‘तताऊ’ म्हणतात. कॅप्टन जेम्स कुक यांचं जहाज 1769 मध्ये ताहितीला पोहोचलं, तिथून हा शब्द इंग्रजीत शिरला आणि जगभर गेला. कला त्याहून कितीतरी जुनी. आल्प्स पर्वतात 1991 मध्ये सापडलेल्या ‘ओत्झी’ या सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या देहावर 61 टॅटू मोजले गेले. त्यातले बरेचसे सांधे आणि पाठीच्या आसपास आहेत. म्हणजे दुखऱ्या जागी गोंदवायची कल्पना फक्त आपल्याकडची नसावी.

मशीन आली 1891 मध्ये. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायली यांनी थॉमस एडिसन यांच्या विजेवर चालणाऱ्या पेनची कल्पना वापरून टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. एडिसन यांचं ते पेन कागदाला बारीक भोकं पाडून नकला काढण्यासाठी होतं. आज कोणत्याही स्टुडिओत जी घरघर ऐकू येते, तिचं मूळ तिथं आहे.

शाई त्वचेत राहते कशी?

हे कळलं की क्वालिटीचं अर्धं गणित सुटतं.

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि साधारण महिनाभरात नवा होतो. तिथं शाई टाकली तर ती थराबरोबर निघून जाईल. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जावी लागते. मशीनची सुई मिनिटाला शेकडो ते हजारो वेळा वर-खाली होते आणि प्रत्येक टोच्यात थोडी शाई आत सोडते.

शरीराच्या दृष्टीनं ही शाई म्हणजे घुसखोर. तिला संपवायला पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या ‘मॅक्रोफेज’ नावाच्या पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. पण कण मोठे असल्यानं त्यांना ते पचवता येत नाहीत. त्या कण पोटात धरून तिथंच बसतात. आपल्याला दिसतो तो टॅटू म्हणजे मोठ्या प्रमाणात या पेशींनी धरून ठेवलेली शाई.

या पेशी मेल्यावर काय होतं? फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की मेलेल्या पेशीतून सुटलेली शाई नव्या पेशी पुन्हा गिळतात. म्हणजे टॅटू एका जागी गोठलेला नसतो. आत रिले रेस चालू असते आणि बॅटन एका पेशीकडून दुसरीकडे जातं. या देवाणघेवाणीत वर्षानुवर्षं कण थोडे इकडे-तिकडे सरकतात. रेघ जाड होते, कडा मऊ होतात. काही शाई जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंतही जाते.

आजींची काळी तुळस निळसर-हिरवट का दिसायची, त्याचंही उत्तर इथंच आहे. काजळी काळीच राहते. पण ती त्वचेच्या आत असल्यानं तिच्यावरच्या थरातून परत येणारा प्रकाश विखुरतो आणि निळ्या छटेचा भाग डोळ्यांपर्यंत जास्त पोहोचतो. नसा निळ्या दिसतात, त्यामागेही काहीसं असंच कारण आहे.

सुई कमी-जास्त गेली तर?

कमी खोल गेली, तर खपली पडताना शाई निघून जाते. टॅटू तुटक, फिकट दिसतो. लोक म्हणतात, ‘रंग उडाला.’ खरं तर रंग नीट बसलेलाच नसतो.

जास्त खोल गेली, तर शाई चरबीच्या थरात पसरते. रेघेच्या बाजूला निळसर सावली येते, टीपकागदावर शाईचा थेंब पडावा तशी. याला टॅटूवाले ‘ब्लोआउट’ म्हणतात. मनगटाची आतली बाजू, घोटा, बोटं अशा पातळ त्वचेच्या जागी हा धोका जास्त. शिवाय खोल गेलेली सुई जखम वाढवते आणि व्रण उठतो.

दंडावर, पाठीवर, पोटरीवर त्वचेची जाडी वेगळी, ताण वेगळा. एकाच सेटिंगवर सगळीकडे काम होत नाही. त्वचा ताणून धरणारा दुसरा हात कसा चालतो, यावर कारागिराची अर्धी परीक्षा होते. हे व्हिडिओ पाहून आणि ऑनलाइन स्वस्तातला किट मागवून दोन महिन्यांत येत नाही.

चांगला टॅटू ओळखायचा कसा?

जगभरातले शौकीन टॅटू पाहताना जे बघतात, ते असं.

1. रेघ. एका जाडीची, न थरथरलेली, जिथं जोडली तिथं गाठ न दिसणारी. वर्तुळ खरंच वर्तुळ आहे का, ते पाहा. वर्तुळात कच्चा हात लपत नाही.

2. भराव. काळा भाग सगळीकडे सारखा काळा हवा. मध्ये ठिपके, फट, खरवडल्यासारखे पट्टे नकोत.

3. छटा. काळ्याकडून त्वचेच्या रंगाकडे जाताना पायऱ्या दिसू नयेत. चेहऱ्याच्या टॅटूत सगळा खेळ यावरच असतो.

4. जागा. हात म्हणजे सपाट कागद नाही. हात वळवला की डिझाईनही वळतं. चांगला कारागीर स्नायूचा आकार पाहून डिझाईन बसवतो. वाईट कारागीर मोबाईलवरचं चित्र जसंच्या तसं छापतो.

5. जुना झाल्यावर. ही सगळ्यात मोठी कसोटी. नुकताच काढलेला टॅटू जवळपास प्रत्येकाचाच छान दिसतो. काळा गडद असतो, त्वचा तुकतुकीत असते आणि फोटोला फिल्टर असतो. म्हणून जाणकार माणूस स्टुडिओत गेल्यावर ताज्या टॅटूचे फोटो बाजूला सारून विचारतो, ‘वर्षभरापूर्वी काढलेले, बरे झालेले टॅटू दाखवा.’ ज्याच्याकडे असे फोटो नाहीत, त्याच्याकडे घाई करू नये.

आणखी एक मुद्दा आपल्या रंगाचा. टॅटू त्वचेच्या आतल्या थरात असतो आणि रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन वरच्या थरात. म्हणजे आपण टॅटू नेहमी आपल्या त्वचेच्या रंगाच्या काचेतून पाहतो. गोऱ्या युरोपियन हातावरचा फिकट पिवळा, गुलाबी रंग आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या हातावर तसा दिसणार नाही. इंटरनेटवरचा फोटो दाखवून ‘सेम टू सेम’ मागणाऱ्यांची निराशा इथं होते. काळा आणि गडद रंग आपल्या त्वचेवर सगळ्यात खणखणीत दिसतात. आजींच्या पिढीनं फक्त काळाच वापरला. त्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता, पण निवड चुकीची नव्हती.

गडद त्वचेत जखमेचा व्रण फुगून वाढण्याचा, म्हणजे ‘कीलॉइड’चा धोकाही जास्त असतो. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या जुन्या जखमा, कान टोचल्याची जागा अशी फुगली असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

राजमुद्रा इतक्या वेळा का बिघडते?

आमच्या घरमालकांच्या मुलाची मुद्रा दोन इंचाचीही नव्हती. शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी आहे आणि तिच्यात संस्कृतमधला पूर्ण श्लोक बसवलेला आहे. म्हणजे जोडाक्षरं, वेलांट्या, रफार, अनुस्वार, सगळं आलं.

इंजिनिअरिंगमध्ये ड्रॉइंग शिकवताना एक गोष्ट पहिल्या वर्षी सांगतात. दोन रेघांमधलं अंतर रेघेच्या जाडीच्या हिशोबात ठेवा, नाहीतर प्रिंट काढल्यावर दोन्ही एक होतील. टॅटूत हाच नियम आणखी कडक आहे, कारण ‘प्रिंट’ पुढची चाळीस वर्षं हळूहळू जाड होत जाणार आहे. आज ‘ष्ठ’च्या पोटात जी केसाएवढी फट आहे, ती काही वर्षांत बुजते. मग अक्षराचा ठिपका होतो.

रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीला जास्त जागा लागते. वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर अशा तीन मजल्यांवर काम चालतं. त्यामुळे इंग्रजी नावाचा आकार मराठी नावाला पुरत नाही. मोठा श्लोक छोट्या जागेत मागणं म्हणजे बिघडण्याची हमी मागणं.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. मोबाईलवरून घेतलेल्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असतं, फाँट बदलताना जोडाक्षर फुटलेलं असतं, आणि स्टेन्सिल काढणाऱ्याला मराठी येतंच असं नाही. कागदावरची चूक खोडता येते, इथं येत नाही. म्हणून स्टेन्सिल त्वचेवर उमटल्यावर, सुई लागण्याआधी, प्रत्येक अक्षर दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. आरशात नको, आरशात उलटं दिसतं. फोटो काढून वाचा.

आता आजींची तुळस पुन्हा आठवा. मोठे ठिपके, साध्या रेघा, मध्ये भरपूर मोकळी जागा. शाई पसरली, पण पसरायला जागा होती, म्हणून आकार मोडला नाही. गोंदणारीनं त्वचाशास्त्र वाचलेलं नव्हतं. पण म्हाताऱ्या बायकांच्या हातांवरची गोंदणं तिनं पाहिली होती. काय टिकतं आणि काय बुजतं, हे तिला ठाऊक होतं.

टॅटूचे ‘कलेक्टर’ म्हणजे कोण?

चित्रं जमवणारे असतात, नाणी जमवणारे असतात, तसे टॅटू जमवणारेही असतात. फरक इतकाच की त्यांचा संग्रह विकता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही आणि त्यांच्यासोबतच संपतो.

टॅटू असलेला प्रत्येक जण कलेक्टर नसतो. शौकिनांच्या भाषेत कलेक्टर म्हणजे जो कारागीर पाहून टॅटू घेतो. एखाद्याची रेघ आवडते, दुसऱ्याची छटा, तिसऱ्याचं जपानी पद्धतीचं काम. त्यासाठी तो महिनोन्‌महिने थांबतो, दुसऱ्या शहरात जातो, एकाच हातासाठी अनेक बैठका देतो. खांद्यापासून मनगटापर्यंत एकसंध काम केलं की त्याला ‘स्लीव्ह’ म्हणतात. चांगला संग्राहक अंगावर आधीच जागा राखून ठेवतो, उद्या दुसरं काम शेजारी कसं बसेल याचा विचार करून.

या दुनियेचे काही अलिखित संकेत आहेत. दुसऱ्यासाठी खास बनवलेलं डिझाईन चोरायचं नाही. भाव करायचा नाही, पैसे कमी असतील तर थांबायचं. कारागिराला त्याच्या शैलीबाहेरचं काम करायला भाग पाडायचं नाही. दारू पिऊन खुर्चीवर बसायचं नाही. आणि आपल्याला न कळणारी दुसऱ्या समाजाची चिन्हं सहज म्हणून अंगावर घ्यायची नाहीत. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा ‘ता मोको’ म्हणजे नक्षी नव्हे, त्यात त्या माणसाचं कूळ आणि वंश लिहिलेला असतो. तो उचलणं म्हणजे दुसऱ्याचं आडनाव लावण्यासारखं.

जपानमध्ये या शौकाला बंदीचा इतिहास आहे. तिथं 1872 मध्ये टॅटूवर बंदी आली, ती उठली 1948 मध्ये. टॅटू काढणं हे डॉक्टरी काम नाही, असा निर्वाळा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दिला तो 2020 मध्ये. याच देशात मासाइची फुकुशी नावाच्या डॉक्टरांनी टॅटू असलेल्या माणसांची त्वचा मृत्यूनंतर जतन करून ठेवली. अक्षरशः टॅटूंचा संग्रह.

आपल्या शेजारी काठमांडूत 2011 पासून आंतरराष्ट्रीय टॅटू संमेलन भरू लागलं. दिल्लीत ‘हार्टवर्क’सारखे महोत्सव झाले. अशा ठिकाणी मंडपात समोरासमोर काम चालतं आणि लोक खांद्यावरून वाकून रेघ बघतात, आपल्याकडे कुस्तीच्या फडात डाव बघतात तशी. क्रिकेटपटूंनी हा शौक घराघरात नेला. विराट कोहलीच्या अंगावर त्याच्या वनडे आणि कसोटी कॅपचे 175 आणि 269 हे क्रमांक आहेत. आकडे दोनच, पण त्यामागची गोष्ट पूर्ण त्याची. संग्राहक टॅटूत हेच शोधतात.

भरतीत टॅटू चालतो का? नियम काय?

आपल्या भागासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सांगली, सातारा, कोल्हापूरची हजारो मुलं कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयामार्फत नशीब आजमावतात. धावणं जमतं, लेखी परीक्षा निघते आणि मेडिकलला दंड उघडा केल्यावर अडचण येते.

लष्कर : कायमस्वरूपी टॅटू दोनच ठिकाणी चालतो. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग आणि पंजाची मागची बाजू. दंड, मान, छाती, पाठ, पाय यांवरचा कायमचा टॅटू चालत नाही. परंपरेनं गोंदवणाऱ्या आदिवासी समाजांतल्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं (बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ आदी) : इथं तीन गोष्टी बघतात. विषय धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव असा असावा. जागा हाताची आतली बाजू, पण फक्त डावा हात, कारण सलाम उजव्या हातानं करतात. किंवा पंजाची मागची बाजू. आणि आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी.

म्हणजे आमच्या घरमालकांच्या मुलाच्या उजव्या दंडावरची मुद्रा दोन्हीकडे अडत होती. मुद्रा महाराजांची होती, भावना खरी होती, पण नियमात भावनेचा रकाना नाही. स्टॉलवाल्यानं त्याला ‘भरती करतोस का?’ एवढं विचारलं असतं आणि टॅटू हाताच्या आतल्या बाजूला घ्यायला सांगितलं असतं, तरी प्रश्न मिटला असता.

भरती हे तुमचं ध्येय असेल, तर सोपा सल्ला एकच. निवड होईपर्यंत टॅटू काढू नका. आधीच असेल, तर ज्या भरतीला जाणार त्या जाहिरातीतला टॅटूचा परिच्छेद शब्द न्‌ शब्द वाचा, कारण नियम दलानुसार वेगळे असतात आणि बदलूही शकतात.

आजारांचा धोका किती खरा?

खरा आहे, पण टाळता येण्यासारखा आहे. एकाची सुई दुसऱ्याला वापरली किंवा एकाच झाकणातली शाई दोघांना लावली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे ‘सुई पुसून घेतली’ याला काही अर्थ नाही. हिपॅटायटिस बीवर लस आहे, सीवर नाही.

म्हणून समोर पाकीट फोडून काढलेली नवी सुई, नवे हातमोजे, प्रत्येकासाठी वेगळी शाईची टोपी आणि काम झाल्यावर फेकून दिलेली उरलेली शाई, या चार गोष्टी दिसल्याच पाहिजेत. पुन्हा वापरायची धातूची उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावी लागतात. साध्या भाषेत, दाबाखालच्या वाफेत 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटं. उकळतं पाणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

शाईचा प्रश्न वेगळा. युरोपीय महासंघानं जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले. एक निळं आणि एक हिरवं रंगद्रव्य 2023 पासून बंद केलं. आपल्या शेजारच्या कर्नाटकात 2025 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी टॅटू शाईच्या नमुन्यांत जड धातू आढळल्याचं सांगत केंद्रानं मानकं ठरवावीत, असा आग्रह धरला. तोवर ग्राहकानं सीलबंद बाटली, कंपनीचं नाव आणि मुदत पाहणं एवढंच हातात आहे. खाज आणि ॲलर्जीच्या तक्रारी लाल रंगात जास्त येतात.

रक्तदान : राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार टॅटू काढल्यानंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही. गावात गणेशोत्सवाचं किंवा शिवजयंतीचं शिबिर असेल, तर टॅटूची माहिती लपवू नका.

काढल्यानंतर काळजी काय घ्यायची?

ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम. पहिले दोन ते चार आठवडे महत्त्वाचे. सौम्य साबणानं धुवायचा, टिपून कोरडा करायचा, कारागिरानं किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं मलम पातळ लावायचं. खपली ओढायची नाही.

आपल्याकडे वेगळी काळजी हवी. कृष्णेत किंवा विहिरीत पोहायचं नाही. उसाच्या फडात उघड्या हातानं शिरायचं नाही, पात कापते आणि धूळ जखमेत जाते. दुचाकीवर भर उन्हात हात उघडा ठेवायचा नाही, कारण ऊन हा टॅटूचा आयुष्यभराचा शत्रू आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिचा अभिमान जरूर ठेवा, पण डब्यातली हळद ताज्या टॅटूवर दाबू नका. सूज, पू, ताप किंवा लाल रेषा वर चढताना दिसल्या, तर स्टुडिओला फोन करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

टॅटू पुसता येतो का?

येतो, पण खोडरबरासारखा नाही. लेझरचे अतिशय सूक्ष्म झटके, सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे किंवा त्याहूनही लहान, शाईच्या कणांवर मारतात. कण फुटून बारीक होतात आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. म्हणून दोन बैठकांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं आणि अशा अनेक बैठका लागतात. काळी शाई तुलनेनं लवकर जाते, हिरवी-पिवळी चिवट असते. सावळ्या त्वचेत लेझरचा मारा मेलॅनिनवरही होतो, त्यामुळे पांढरा किंवा काळा डाग राहू शकतो. हे काम त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्यावं. ॲसिड, चुना, बिब्बा असले प्रयोग टॅटूच्या जागी व्रण देऊन जातात.

गंमत म्हणजे लेझरच्या रांगेत दोन पिढ्या भेटतात. एका बाजूला प्रेमभंग झालेली किंवा भरतीला निघालेली तरुण मुलं, दुसऱ्या बाजूला कपाळावरचं लहानपणीचं गोंदण काढायला आलेल्या बायका. पाच-सहा वर्षांच्या मुलीला कुणी विचारून गोंदवलेलं नसायचं. आज निदान विचारायची सोय आहे. म्हणूनच अठरा पूर्ण नसलेल्यांना चांगले स्टुडिओ परत पाठवतात आणि तेच बरोबर आहे.

खुर्चीवर बसण्याआधी विचारा हे प्रश्न

• वर्षभर जुने झालेले टॅटू दाखवता का?

• सुई माझ्यासमोर उघडाल का?

• हे डिझाईन या आकारात दहा वर्षांनी वाचता येईल का?

• ही जागा भरतीच्या नियमात बसते का?

• आज नको, महिनाभरानं आलो तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाला जो ‘नाही, आजच ऑफर आहे’ म्हणेल, त्याच्याकडून उठून यावं.

घरमालकांच्या मुलानं पुढं लेझर सुरू केलं. शाई फिकट होत गेली, पण दोन बैठकांमधल्या आठवड्यांचा हिशोब आणि वयाच्या अटीचा हिशोब काही जुळला नाही. आता तो ट्रॅक्टर आणि ऊस वाहतुकीचं बघतो, पहाटे गावातल्या लहान पोरांना धावायला घेऊन जातो. पहिल्या दिवशी तो त्यांना टाइम विचारत नाही. शर्टाच्या बाह्या वर करायला सांगतो.